सॅम्युएल फ्रँकलिन कोडी

सॅम्युएल फ्रँकलिन कोडी (६ मार्च १८६७ – ७ ऑगस्ट १९१३) हे अमेरिकेत जन्मलेले व पुढे ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारलेले पतंगतज्ज्ञ, विमानरचनाकार आणि रंगमंचावरील कलावंत होते. ब्रिटनमधील इंजिनाच्या विमानाचे पहिले उड्डाण त्यांच्या नावावर आहे. मात्र त्याआधी त्यांनी माणसाला आकाशात उचलून नेणाऱ्या पतंगांची जी रचना केली, ती अधिक स्वतंत्र बुद्धीची होती. प्रचंड ओढीचे अनेक पतंग एकामागून एक चढवताना त्यांच्या दोरांचा गुंता होऊ नये, ही त्या रचनेतील मुख्य अडचण होती व कोडी यांनी ती सोडवली.

प्रारंभीचे जीवन

त्यांचा जन्म आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे झाला. मूळ आडनाव काउडरी. आपण टेक्सासचे असल्याचे ते सांगत. त्यांच्या पूर्वायुष्याविषयीच्या अनेक रंजक कथा त्यांनी स्वतःच पसरवलेल्या असल्यामुळे त्या जपूनच घ्याव्या लागतात. एका चिनी स्वयंपाक्याकडून पतंगविद्या शिकल्याची कथाही त्यांपैकीच एक. घोडेस्वारी, दोरफास टाकणे व नेमबाजी यांत ते निष्णात होते. प्रसिद्ध बफेलो बिल कोडी यांच्याशी त्यांचे कोणतेही नाते नव्हते, परंतु आडनाव, लांब केस आणि पोशाख यांमुळे तसा समज सहज होत असे. १८९० च्या सुमारास ते युरोपात आले. १८९८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘द क्लोंडाइक नगेट’ या नाटकाने त्यांना चांगला पैसा मिळवून दिला आणि तो बहुतांशी पतंगांच्या प्रयोगांत खर्च झाला.

पतंगांची माळ

ओढीसाठी पतंग वापरण्याची कल्पना कोडी यांच्यापूर्वीची आहे. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे एकस्व घेतले होते. त्या पतंगांच्या नियंत्रणासाठी चार दोर असत. (क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस हे पोकॉक यांच्या मुलीचे चिरंजीव.) १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी पेटीच्या आकाराचा स्थिर पतंग तयार केला, तर १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये बेडन बेडन-पॉवेल यांनी पतंगांच्या साहाय्याने माणूस उचलून दाखवला. कोडी यांनी हारग्रेव्ह यांच्या पेटीपतंगाला दोन्ही बाजूंनी पंख जोडले आणि १९०१ मध्ये आपल्या रचनेचे एकस्व मिळवले.

नाशिक जिल्ह्यातील येवल्यात संक्रांतीला आसारीवरून सुटणारा पतंग एका मांजाचा असतो. मांजा गुंतला तर तो तोडून पुन्हा जोडता येतो आणि फार तर पतंग हातचा जातो. कोडी यांच्या दोराला माणूस लटकलेला असे. एक पतंग दुसऱ्याच्या दोरात अडकला, तर सबंध माळ फिरून जमिनीवर आपटण्याचा धोका होता. प्रत्येक पतंगाला जमिनीपर्यंत स्वतंत्र दोर दिला असता, तर वाऱ्याची दिशा बदलताच ते एकमेकांभोवती वळले असते.

यावर कोडी यांचा उपाय साधा होता. मुख्य तार एकच ठेवायची आणि तिच्यावर प्रत्येक पतंगाची जागा आधीच ठरवायची. प्रथम एक लहान मार्गदर्शक पतंग बारीक दोरावर उंच चढवून वारा स्थिर असल्याची खात्री केली जाई. त्याच्यामागे मुख्य पोलादी तार वर जाई. तारेवर ठरावीक अंतरांवर शंकूच्या आकाराचे अडसर बसवलेले असत व ते वरच्या बाजूस क्रमाने मोठे होत जात. प्रत्येक उचलपतंगाला एक कडी असे. पहिल्या पतंगाची कडी सर्वांत मोठी, त्यामुळे तो खालचे लहान अडसर ओलांडून थेट वरच्या टोकाच्या अडसरावर थांबे. दुसऱ्याची कडी किंचित लहान, तो त्याच्या खाली थांबे. क्रम चुकणे आणि पतंग एकमेकांवर आदळणे अशा रीतीने रचनेतच टळत होते. वारा मंद असल्यास उचलपतंग अधिक, जोराचा असल्यास कमी लावले जात. तार पुरेशी ताणली गेली की शेवटी वाहक पतंग टोपलीसह त्याच तारेवरून वर चढे. टोपलीतील माणूस हातातील दोरांनी वाहक पतंगाचा कल बदलून वर किंवा खाली जाई आणि तारेला पकडणाऱ्या रोधकाने हवे तेथे थांबे.

नोव्हेंबर १९०३ मध्ये कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या लहान नावेतून रात्रभर प्रवास करून कॅले ते डोव्हर ही इंग्लिश खाडी ओलांडली. आरमाराने त्यांच्या पतंगांच्या चाचण्या घेतल्या. १९०४ पासून ऑल्डरशॉट येथे लष्करी चाचण्या सुरू झाल्या. १९०५ मध्ये एका सैनिकाला २,६०० फुटांपर्यंत (सुमारे ७९० मीटर) नेण्यात आले. १९०६ मध्ये सैन्याच्या बलून विभागात पतंगविद्येचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ज्या जोराच्या वाऱ्यात निरीक्षणाचे बलून उपयोगी पडत नसत, त्याच वाऱ्यात पतंग चढत. सैन्याला त्यांचे आकर्षण वाटले ते यामुळेच.

विमाने आणि मृत्यू

५ ऑक्टोबर १९०७ रोजी ‘नली सेकंडस’ या लष्करी हवाई जहाजाने लंडनवरून उड्डाण केले, तेव्हा त्याच्या इंजिनाची जबाबदारी कोडी यांच्याकडे होती. १६ ऑक्टोबर १९०८ रोजी फार्नबरो येथे त्यांनी स्वतः बांधलेले विमान सुमारे १,३९० फूट अंतर उडवले. १९०९ मध्ये लष्कराने विमानांवरील खर्च थांबवून त्यांचा करार संपवला. कोडी यांनी मात्र काम चालूच ठेवले. त्याच वर्षी ते ब्रिटिश नागरिक झाले. १९१२ च्या लष्करी विमानस्पर्धेत त्यांनी ५,००० पौंडांचे बक्षीस जिंकले.

७ ऑगस्ट १९१३ रोजी त्यांचे नवे विमान हवेतच मोडले. कोडी आणि त्यांच्यासोबत असलेले क्रिकेटपटू विल्यम इव्हान्स हे दोघेही ठार झाले. ऑल्डरशॉटच्या लष्करी दफनभूमीत, लष्करी इतमामात कोडी यांचा दफनविधी झाला आणि त्यासाठी प्रचंड जनसमुदाय लोटला होता.

आजचे ओढपतंग

विमाने आल्यावर माणूस उचलणारे पतंग मागे पडले. गाडी, फळी किंवा बर्फावरील पट्ट्या ओढणारे आजचे पतंग पोकॉक यांच्या चार दोरांच्या पद्धतीला अधिक जवळचे आहेत. त्यांचे दोर साधारणतः २० ते २५ मीटर लांब असतात. दोन मुख्य दोर ओढ घेतात व दोन मागचे दोर पतंग वळवतात किंवा त्याची ओढ कमी करतात. या दोहोंची अदलाबदल होऊन पतंग चढला, तर तो आवरत नाही. म्हणून दोरांचा क्रम जमिनीवर असतानाच तपासला जातो. कोडी यांच्या अडसरांनी जे काम आपोआप होई, ते येथे माणसाला करावे लागते.

दोर गुंडाळताना ते इंग्रजी आठच्या आकारात फिरवतात, कारण एका अर्ध्या फेऱ्यात पडलेला पीळ दुसऱ्या अर्ध्यात उलगडतो. गोल गुंडाळीत तो साठत जातो. मांडणीच्या वेळी मुठी जमिनीत खुंटीने रोवून, दोर बोटांच्या फटींत वेगवेगळे धरून मुठींकडून पतंगाकडे चालत जातात आणि मोकळे झालेले दोर मगच कण्णीला जोडतात. टोक फासातून ओवले गेले नसेल, तर दिसायला बिकट गुंतासुद्धा खऱ्या गाठीचा नसतो. तो ओढल्यास आवळतो, फास सैल करत गेल्यास सुटतो. हवेत पतंगाने एकाच दिशेला गिरक्या घेतल्याने पडलेला पीळ निराळा. त्यासाठी पतंग उतरवावा लागत नाही, तितक्याच उलट गिरक्या पुरतात. दोन-चार वेढे असतानाही दोर एकमेकांवरून सरकत राहतात आणि पतंग वळवता येतो.