बिअॅट्रिक्स पॉटर

बिअॅट्रिक्स पॉटर यांचा जन्म १८६६ साली लंडनमध्ये झाला. १८९३ मध्ये एका आजारी मुलाच्या करमणुकीसाठी त्यांनी पत्रातून खोडकर पीटर सशाची सचित्र गोष्ट लिहिली. प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. पुढे ती जगभर गाजली.

१९०५ मध्ये त्यांच्या वाग्दत्त वराचे अकाली निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील ‘हिल टॉप’ हे शेत विकत घेतले. तेथील घर, बाग आणि पायवाटा पुढील कथांच्या चित्रांतून अवतरल्या. लेखनाच्या उत्पन्नातून त्यांनी आणखी जमिनी घेतल्या, मेंढ्या पाळल्या.

१९४३ साली त्यांचे निधन झाले. चार हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनी मृत्युपत्राद्वारे नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली. म्हणूनच कथांतील तो निसर्ग वाचकांना आजही प्रत्यक्ष पाहता येतो.