पंपाचा दांडा काढायला लावणारा डॉक्टर

१८५४ चा ऑगस्ट संपता संपता लंडनच्या सोहो भागात कॉलरा आला. पहिल्या तीनच दिवसांत १२७ माणसं गेली.

कॉलरा घाणेरड्या हवेतून पसरतो, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानायचे. डॉ. जॉन स्नो यांना ते पटत नव्हतं.

१८१३ साली यॉर्कमधल्या एका मजुराच्या घरात जन्मलेला हा पोरगा चौदाव्या वर्षी डॉक्टरच्या हाताखाली लागला. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्याइतकं त्यांचं नाव झालं.

सोहोत ते घरोघर फिरले. मेलेले बहुतेक जण ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी प्यायचे. जवळच्या बिअर कारखान्यातले कामगार ते पीत नव्हते, आणि त्यांच्यातलं कोणीही दगावलं नाही. स्नो यांनी हे सगळं समितीपुढे मांडलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा निघाला.

साथ तोवर ओसरू लागली होती, त्यामुळे अनेकांना हा पुरावा वाटलाच नाही. नंतर खोदल्यावर कळलं, की शेजारच्या घराचा मैलाखड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर झिरपत होता.

१८५८ मध्ये, ४५ व्या वर्षी स्नो गेले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातून कॉलऱ्याचा जंतू ओळखल्याचं कळवलं.

विहिरी गेल्या, नळ आले, पण धोका तोच आहे. पाइपातला दाब उतरला, की घाण पाणी उलटं आत ओढलं जातं. म्हणून नळाची नळी भरलेल्या बादलीत बुडवून ठेवू नका.