परत न आलेला डॉक्टर आणि परत आलेले चार

१० ऑक्टोबरला तुमच्या कॉलेजात बहुतेक एखादी पोस्टर स्पर्धा किंवा व्याख्यान असतं. कारण तो जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्याच तारखेला, १९१० साली, सोलापुरात द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पण दुसऱ्यांना बरं करताना स्वतःच्या तब्येतीचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पावलोपावली दिसतो.

डॉ. कोटणीस हे नाव आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा करणारे, तिथेच वारलेले मराठी डॉक्टर. बऱ्याच जणांची माहिती इथेच संपते. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी एमबीबीएसला असेल, कोणी नर्सिंगला, कोणी एमएसडब्ल्यू करत असेल, कोणी वीकेंडला एखाद्या संस्थेत व्हॉलंटियर म्हणून जात असेल, तर ही गोष्ट जरा निवांत वाचायला हवी.

बोट सुटली तेव्हा

कोटणीस सोलापूरच्या मध्यमवर्गीय घरातले. मेडिकलचं शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या भाषेत केईएमला. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी चू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं, २२ हजार रुपयांचा निधी जमला आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपले कोटणीस.

त्या वेळी कोटणीस पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते. घरच्यांना चीनबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी होकार दिला. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. म्हणजे आज पीजी करणाऱ्या कुठल्याही रेसिडेंटच्या वयाचे.

दुःखाला वेळ नव्हता

पथक ग्वांगझू, वुहान असं करत चुंगचिंगला पोहोचलं. तिथून पुढे येनानला जायचं होतं. त्याच सुमारास घरून बातमी आली की वडील गेले. सहकाऱ्यांनी त्यांना परत जायचं सुचवलं. कोटणीस परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत ते बाकीच्यांबरोबर येनानला पोहोचले.

हा प्रसंग त्यांच्या चरित्रांमध्ये साहजिकच मोठेपणाचा म्हणून येतो आणि तो आहेच. पण त्याची दुसरी बाजूही बघा. वडील गेलेल्या मुलाला चार दिवस रडायला, आईजवळ बसायला मिळणं ही काही चैन नाही, ती माणसाची गरज आहे. कोटणीसांनी ती बाजूला ठेवली. स्वतःची गरज मागे ठेवल्याचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिला मोठा प्रसंग. पुढे असे आणखी आले.

७२ तास

येनानहून ते उत्तर चीनमधल्या आघाडीवर गेले. हा डोंगराळ भाग, चारही बाजूंनी नाकेबंदी, औषधांचा तुटवडा. हॉस्पिटल म्हणजे गावातली घरं. लढाई सरकली की हॉस्पिटलही उचलून न्यायचं. १९४० मधल्या एका मोठ्या लढाईत त्यांनी आणि त्यांच्या टीमने ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. त्यात सलग ७२ तास ते न झोपता ऑपरेशन्स करत राहिले, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट.

ऐकताना अंगावर काटा येतो. त्या तीन दिवसांत त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं, असं विचारलं तर उत्तर नाही. बदली सर्जन नव्हता, जखमी येतच होते. युद्धात असे दिवस येतात.

अडचण पुढे होते. असा एखादा दिवस आला की तोच आदर्श म्हणून सांगितला जातो. मग दर आठवड्याला कोणीतरी स्वतःचे ७२ तास मोजायला लागतं आणि इन्स्टावर स्टोरी टाकतं. सलग २४ तास जागं राहिलेल्या माणसाची एकाग्रता आणि हालचाली दारू प्यायलेल्या माणसासारख्या मंदावतात, हे आता सिद्ध झालंय. त्या मंदावलेल्या हातात पेशंटचा जीव असतो. म्हणजे डॉक्टरची झोप हा फक्त डॉक्टरचा खासगी प्रश्न उरत नाही.

बेथ्यून यांचं नाव असलेलं हॉस्पिटल

१९४१ च्या जानेवारीत कोटणीस तिथल्या डॉ. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन. तेही असेच मदतीला आलेले. १९३९ मध्ये ऑपरेशन करताना त्यांचं बोट कापलं. त्यांनी काम चालूच ठेवलं. जखम चिघळली, विष रक्तात भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. पेनिसिलिन अजून पेशंटपर्यंत पोहोचलेलं नव्हतं.

म्हणजे ज्या हॉस्पिटलची सूत्रं कोटणीसांनी घेतली, त्याच्या नावातच एक इशारा होता. आधीच्या माणसाने स्वतःच्या बोटाकडे नंतर बघू म्हटलं होतं.

त्यांनी स्वतःसाठी काय केलं?

कोटणीसांचं आयुष्य म्हणजे नुसता त्याग, असं सांगितलं तर ते अर्धवट होईल. ते चिनी भाषा शिकले, इतकी की तिथल्या मेडिकल स्कूलमध्ये चिनीतून शिकवायचे. चिनी लोकांत त्यांचं नाव झालं क दी-हुआ. एकटं पडू नये म्हणून माणसाला आपली माणसं लागतात, आणि ती त्यांनी परक्या देशात मिळवली.

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख ग्वो छिंगलान यांच्याशी झाली. त्या नर्सिंग शिकवायच्या. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं इन्हुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

मैत्री, घर, शिकणं, शिकवणं या सगळ्या गरजाच. युद्ध चालू असतानाही त्यांनी त्या ओळखल्या. ‘मला माणूस हवंय’ हे मान्य केल्याने त्यांची सेवा कुठे कमी झाली नाही. उलट भाषा आली म्हणून पेशंटशी बोलता आलं, विद्यार्थी तयार करता आले.

एक गरज मात्र त्यांनी मागेच ठेवली.

पुढे ढकललेली ट्रीटमेंट

चीनमधल्या शेवटच्या काळात कोटणीसांना फिट्स येऊ लागल्या. अपस्मार, म्हणजे एपिलेप्सी. पुरेशी झोप नसेल तर फिट येण्याची शक्यता वाढते, हे आज मेडिकलचा कुठलाही विद्यार्थी सांगेल. औषधं मिळणं कठीण, विश्रांती त्याहून कठीण. वरिष्ठांनी त्यांना आघाडी सोडून उपचारांसाठी मागे जायला सांगून पाहिलं. ते गेले नाहीत. ऑपरेशन्स चालू होती, शिकवणं चालू होतं, विद्यार्थ्यांसाठी सर्जरीचं पुस्तक लिहिणंही चालू होतं.

९ डिसेंबर १९४२ ला फिट्सच्या झटक्यांनी त्यांचं निधन झालं. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पुस्तक अर्धवट राहिलं.

त्यांचा निर्णय चूक होता की बरोबर, हे ८० वर्षांनी एसीत बसून ठरवणं आपल्याला शोभत नाही. पण हिशोब तरी नीट मांडू या. त्यांच्या जाण्याने एका बाईने नवरा गमावला, एका बाळाने बाप. त्याचबरोबर आघाडीने तिथली भाषा बोलणारा, शिकवणारा, अनुभवी सर्जन गमावला. पुढच्या जखमींना कोटणीस मिळाले नाहीत. मदत करणारा माणूस कोसळतो तेव्हा मदतही थांबते.

बाकीच्या चौघांची नावं आठवतात का?

वर एकदा दिली होती. वर न बघता आठवा.

अटल, चोळकर, बसू, मुखर्जी. हे चौघे भारतात परतले. कुणी लवकर, कुणी काही वर्षांनी, कुणी आजारपणामुळे. त्यांनीही तेच रस्ते तुडवले, तीच थंडी सोसली. डॉ. बसू १९४३ मध्ये परत आले आणि नंतर अनेक दशकं काम करत राहिले. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही उपचारपद्धती रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. किती पेशंट, किती विद्यार्थी! हे घडू शकलं, कारण ते परत आले.

आपल्या लक्षात राहिला तो परत न आलेला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’. त्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालं, चीनमध्ये शिचियाच्वांग शहरात समाधी आणि स्मारक आहे. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण त्यातून आपण नकळत एक धडा घेतला. जो स्वतःला संपवतो तो खरा सेवक, आणि जो आजारी पडला म्हणून रजा घेतो तो जरा कमी. हा धडा कोटणीसांनी दिलेला नाही. तो आपण तयार केलाय.

शपथेत उशिरा आलेला मुद्दा

हा समज फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेने जिनिव्हात डॉक्टरांसाठी एक प्रतिज्ञा मंजूर केली. त्यात पेशंट होता, गुरुजन होते, मानवता होती. डॉक्टर स्वतः नव्हता. २०१७ मध्ये त्यात बदल झाला आणि चांगली सेवा देता यावी म्हणून डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष द्यावं, असा मुद्दा घातला गेला. त्याला ६९ वर्षं लागली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची नोंद कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी स्थिती अशी केली. म्हणजे तो त्या माणसाचा कमकुवतपणा मानलेला नाही, त्याचा संबंध कामाशी जोडलाय.

आपल्याकडे केंद्र सरकारने १९९२ मध्येच रेसिडेंट डॉक्टरांसाठी सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी ड्युटीची मर्यादा सांगितली होती. ती किती पाळली जाते, हे तुमच्या ओळखीच्या रेसिडेंटला विचारा. तो हसला तर उत्तर मिळालं. त्यामुळे सेल्फ-केअर म्हणजे मेणबत्ती लावून फेसपॅक लावणं आणि सगळी जबाबदारी थकलेल्या माणसावरच, असंही नको. ड्युटी लावणाऱ्यांनी माणसं मोजून लावायला हवीत. ७२ तास कोटणीसांना करावे लागले, कारण तिथे दुसरा कोणी नव्हता. शांततेच्या काळात तशी वेळ येत असेल तर तिला शौर्य म्हणू नये.

तरी सुरुवात स्वतःपासून करता येते. मला भूक लागलीय, झोप झालेली नाही, कालची केस डोक्यातून जात नाहीये, हे आधी स्वतःला सांगायचं आणि मग सोबतच्या एकाला. डोकेदुखी, चक्कर, सतत चिडचिड अशा गोष्टी पेशंटने सांगितल्या तर आपण त्याला तपासून घ्यायला सांगू, तेच स्वतःलाही सांगायचं. काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवून घरी जायला शिकायचं. आणि कोणी मित्र ‘आज मला जमणार नाही’ म्हणाला, तर त्याला टोमणा मारायचा नाही. बोलायला जवळ कोणी नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. कॉल फुकट आहे आणि कधीही करता येतो.

पुढच्या १० ऑक्टोबरला पोस्टर काढाल तेव्हा त्यावर कोटणीसांचा फोटो जरूर लावा. शेजारी अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी यांची नावंही लिहा. परत येणंही कामाचाच भाग असतो.