कॅमेऱ्याचे कारखानदार : जॉर्ज ईस्टमन

आपल्या वार्षिकात दर वर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र येत असते. ते बहुधा एखाद्या साधूचे, वीराचे, कवीचे किंवा देशसेवकाचे असते. यंदा एका कारखानदाराचे चरित्र सादर करण्याचे योजिले आहे. ह्या गृहस्थाने राज्य जिंकले नाही की ग्रंथ लिहिला नाही; पण आज घरोघरी जो मोबाईल आहे, त्याच्या पाठीवरील काचेच्या डोळ्याचा इतिहास शोधीत गेल्यास तो बऱ्याच अंशी ह्याच मनुष्यापाशी जाऊन पोहोचतो. विकत घेतलेली वस्तू खरोखर आपल्या मालकीची किती व विकणाऱ्याच्या ताब्यातली किती, आपला चेहरा कोणी टिपून नेल्यास त्यावर हक्क कोणाचा, आणि एकच कंपनी सारा बाजार व्यापून बसली तर गिऱ्हाइकाने जावे कोठे, असे जे प्रश्न पालकमंडळी अलीकडे वारंवार विचारीत असतात, ते सर्व त्यांच्या हयातीतच उपस्थित झालेले होते.

जॉर्ज ईस्टमन यांचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात वॉटरव्हिल नावाच्या गावी झाला. वडील रॉचेस्टर शहरात हिशेब व व्यापार शिकविणारी एक शाळा चालवीत असत. जॉर्ज आठ वर्षांचा होण्याच्या सुमारास, १८६२ साली, वडिलांनी इहलोक सोडला आणि कुटुंब उघडे पडले. आईने घरी जेवूनखाऊन राहणारे भाडेकरू ठेवून कसाबसा प्रपंच चालविला. दोन वडील बहिणींपैकी एक पोलिओने पांगळी झालेली होती. ती १८७० साली वारली. अशा स्थितीत मुलाचे शिक्षण पुरे कोठून व्हावे? तेराचौदा वर्षांच्या वयातच शाळा सोडून जॉर्ज एका विमा कचेरीत आठवड्यास ३ डॉलर पगारावर निरोप्या म्हणून राहिला. पुढे १८७४ साली रॉचेस्टरच्या एका बचत बँकेत त्यास कारकुनाची जागा मिळाली व पगार आठवड्यास १५ डॉलरांवर गेला. आईस आता भाडेकरूंची भांडी घासावी लागू नयेत, हा त्याचा त्या काळातील ध्यास होता.

चोविसाव्या वर्षी सुट्टीत सांतो दोमिंगो येथे प्रवासास जाण्याचा त्याचा बेत ठरला. प्रवासाची छायाचित्रे काढावीत असे एका सोबत्याने सुचविले, म्हणून त्याने फोटोचे सामान खरेदी केले. ते सामान म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगून खरे वाटणार नाही. मोठ्या चुलीएवढी पेटी, तिला जड तिकाटणे, काचेची तावदाने, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचे भांडे आणि ह्या सर्वांवर कडी म्हणजे एक तंबू! कारण त्या वेळी काचेवर रसायनाचा लेप जागच्या जागी द्यावा लागे, ती ओली आहे तोवरच चित्र घ्यावे लागे आणि वाळण्यापूर्वी अंधारात नेऊन ती धुवावी लागे. हे सारे शिकण्यासाठी त्याने ५ डॉलर फी भरली. प्रवासाचा बेत राहिला तो राहिलाच; परंतु हे लचांड सुटसुटीत कसे करता येईल, ह्या विचाराने त्यास पुरते पछाडले.

विलायतेतील काही लोक जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा करू लागले आहेत, असे त्याने तिकडील मासिकांत वाचले. मग दिवसा बँकेत हिशेब आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायने, असा क्रम सुरू झाला. काचेवर लेप देण्याचे यंत्र त्याने तयार केले, त्याचे पेटंट मिळविले आणि १८८० साली रॉचेस्टरच्या स्टेट स्ट्रीटवरील एका इमारतीचा तिसरा मजला भाड्याने घेऊन काचा विकण्यास आरंभ केला. दुसऱ्या वर्षी हेन्री स्ट्राँग नावाचे घोडागाडीचे चाबूक बनविणारे गृहस्थ भांडवल घालून भागीदार झाले. ह्यानंतरच ईस्टमन यांनी बँकेची नोकरी सोडली.

धंदा जेमतेम उभा राहतो आहे तोच १८८२ साली मोठे संकट कोसळले. दुकानांतून गेलेल्या काचा खराब निघू लागल्या. विकलेला माल परत घेण्याची कोणाची सक्ती नव्हती. तरी ईस्टमन यांनी सर्व काचा परत मागविल्या व त्यांच्या बदली नव्या दिल्या. पदरचा पैसा बहुतेक संपला, परंतु कंपनीचे नाव राखले गेले. दोष जिलेटिनात निघाला. गंमत अशी की, त्याची मेख कोठे असते हे १९२५ च्या सुमारास त्यांच्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत उलगडले. जिलेटिन जनावरांच्या कातड्याहाडांपासून होते. त्या जनावरांनी मोहरीच्या जातीच्या वनस्पती खाल्ल्या असल्यास त्यांतील गंधकाचा सूक्ष्म अंश जिलेटिनात उतरतो आणि त्यामुळेच लेप प्रकाश चटकन पकडतो. गाईच्या चाऱ्यावर फोटो अवलंबून असावा, ही सृष्टीची केवढी मौज!

ह्यानंतर ईस्टमन यांनी काचेलाच फाटा देण्याचे मनावर घेतले. आधी कागदाची गुंडाळी झाली, मग १८८९ साली हेन्री रायखेनबाख नावाच्या त्यांच्या रसायनज्ञाच्या खटपटीने पारदर्शक लवचिक पट्टी, म्हणजे फिल्म, बाजारात आली. एडिसनसारख्यांचे चलच्चित्राचे प्रयोग अशाच पट्टीवर उभे राहिले आणि १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी राजा हरिश्चंद्राचा चित्रपट लोकांपुढे आणला तोही अशाच पट्टीवर.

पण सामान्य माणसाच्या घरात ईस्टमन शिरले ते त्याआधी, १८८८ साली. त्या वर्षी त्यांनी कोडॅक नावाचा लहानसा पेटीवजा कॅमेरा २५ डॉलरांस विकावयास काढला. कोडॅक ह्या शब्दास कोणत्याही भाषेत काही अर्थ नाही; उच्चारास ठसठशीत आणि दुसऱ्या कोणाच्या वस्तूशी न मिसळणारा म्हणून तो त्यांनी मुद्दाम बनविला. पेटीत शंभर चित्रांपुरती गुंडाळी भरलेली येई. मालकाने रोख धरावा, दोरी ओढावी, कळ दाबावी आणि किल्ली फिरवावी. शंभर चित्रे संपली म्हणजे सबंध कॅमेराच टपालाने रॉचेस्टरला धाडावयाचा. तेथे १० डॉलर घेऊन चित्रे धुऊन, छापून, नवी गुंडाळी भरून पेटी परत येत असे.

येथे थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. ज्यास स्वतः चित्रे धुणे जमेल त्याने खुशाल धुवावीत, अशी मोकळीक कंपनीने ठेविली होती. कोणावर जुलूम नव्हता. परंतु ओल्या काचेच्या काळात प्रत्येक फोटो काढणारास आपल्या कलेची सारी खोच ठाऊक असे. कोडॅकच्या गिऱ्हाइकास ती ठाऊक असण्याची गरज उरली नाही आणि थोड्याच काळात त्यास ती नकोशीही झाली. ज्या गोष्टी पूर्वी धनिकांस व धंदेवाइकांसच करिता येत, त्या बायकामुलांस करिता येऊ लागल्या, हा लाभ लहान नव्हे. त्याचबरोबर घरातील लग्नाचे, तान्ह्या मुलाचे, समुद्रकाठचे प्रत्येक चित्र परक्या गावच्या एका कारखान्यातून जाऊन येऊ लागले. सोय विकणारा कुलपाची किल्ली आपल्याजवळ ठेवितो; ती कोणी हिसकावून नेत नाही, आपणच ती हौसेने सोपवितो. आपली छायाचित्रे आज कोणत्या कंपनीच्या कोठारात पडून आहेत, ह्याचा ज्या पालकांस पत्ता नाही, त्यांनी ह्या १८८८ च्या पेटीचे स्मरण करावे.

१९०० साली ईस्टमन यांनी ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा काढला. त्याची किंमत अवघा १ डॉलर व फिल्मची १५ सेंट. तो मुख्यत्वे मुलांसाठी होता आणि पहिल्याच वर्षात सुमारे दीड लाख विकला गेला. नफा पेटीवर थोडा, पेटीत पुनःपुन्हा भरावयाच्या फिल्मवर पुष्कळ, हे गणित त्यांस इतरांच्या आधी उमगले होते.

आता जी हकीकत सांगावयाची ती अधिक कष्टाची आहे. न्यू जर्सी राज्यातील नेवार्क गावी हॅनिबल गुडविन नावाचे एक वृद्ध पाळक होते. बायबलातील कथा मुलांस चित्रांनी दाखविता याव्यात म्हणून त्यांस न फुटणारी व वजनास हलकी अशी पारदर्शक पट्टी हवी होती. घराच्या माळ्यावर वर्षानुवर्षे प्रयोग करून त्यांनी ती साधली आणि २ मे १८८७ रोजी, म्हणजे ईस्टमन यांच्या रसायनज्ञाच्या सुमारे दोन वर्षे आधी, पेटंटसाठी अर्ज केला. अर्ज अकरा वर्षे हरकतींत व लिखापढीत अडकून पडला. त्या काळात ईस्टमन कंपनीने त्याच जातीच्या फिल्मवर अपार पैसा मिळविला. १८९८ साली पेटंट अखेर गुडविन यांच्या हाती आले. त्यांनी कारखाना उभारण्यास घेतला, तोच रस्त्यावरील एका अपघातात ते जखमी झाले आणि ३१ डिसेंबर १९०० रोजी निवर्तले. त्यांचे हक्क एका प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेऊन दावा लावला. तो १९१४ साली निकालात निघाला व ईस्टमन कंपनीस ५० लाख डॉलर भरावे लागले. कंपनीच्या संपत्तीपुढे ही रक्कम काही मोठी नव्हती. वृद्ध पाळकांस तिच्यातली कवडीही पाहावयास मिळाली नाही.

हाच बाणा बाजारातही होता. लहान कारखाने ईस्टमन विकत घेत, फोटोच्या कागदाचा उत्तम कच्चा माल आपल्यासाठी राखून ठेवीत आणि दुकानदारांस अशी अट घालीत की, आमचा माल ठेवावयाचा तर तो आम्ही ठरविलेल्या भावानेच विकावा व प्रतिस्पर्ध्याचा ठेवू नये. १९१३ साली अमेरिकन सरकारने कंपनीवर खटला भरला. १९१५ साली न्यायालयाने तिची मक्तेदारी बेकायदा ठरविली आणि अपिलाचा नाद सोडून १९२१ साली कंपनीने आपले काही कारखाने व मालाची नावे विकण्याचे कबूल केले. जो मनुष्य खराब काच परत घेण्यासाठी स्वतःचे दिवाळे काढण्यास तयार होता, तोच प्रतिस्पर्ध्याचे दुकान बंद पाडताना कचरत नसे. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात नांदतात, आणि माझ्या मते त्यांच्यातील एक खरी व दुसरी खोटी मानणे हे चरित्रलेखकाचे काम नव्हे.

घरोघर कॅमेरा गेल्याबरोबर दुसरीही एक अडचण निर्माण झाली. पूर्वी फोटो काढवून घ्यावयाचा तर मनुष्यास मिनिटभर स्तब्ध बसावे लागे. त्याच्या संमतीवाचून ते घडत नसे. आता रस्त्याने जाणारास नकळत टिपणे शक्य झाले. १८९० साली बॉस्टनचे सॅम्युअल वॉरन व लुई ब्रँडाइस ह्या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायदेविषयक मासिकात लेख लिहून, माणसास एकांताचा हक्क आहे व तत्क्षणी निघणाऱ्या छायाचित्रांनी तो धोक्यात आला आहे, असे प्रतिपादिले. पुढे ईस्टमन यांच्याच रॉचेस्टर शहरातील एका खोकी बनविणाऱ्या कंपनीने एका तरुण मुलीचे चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापून सुमारे २५,००० प्रती वाटल्या. मुलीने फिर्याद केली. परंतु १९०२ साली न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती फेटाळली, कारण असा हक्क कायद्यात कोठे नमूद नव्हता. लोकांत एवढा क्षोभ उसळला की, लेखी संमतीशिवाय कोणाचे नाव वा चित्र व्यापारासाठी वापरू नये, असा कायदा १९०३ साली त्या राज्यास करावा लागला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, त्या निकालपत्रातही १८९० च्या त्या लेखाचा परामर्श घेतलेला आहे.

ईस्टमन यांनी लग्न केले नाही. आई १९०७ साली वारली. तिच्या मागे त्यांचे घर रिकामेच राहिले. मिळविलेले धन मात्र त्यांनी जिवंतपणीच वाटून टाकिले, एकूण १० कोटी डॉलरांहून अधिक. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयास त्यांनी स्मिथ ह्या खोट्या नावाने कोट्यवधी दिले व दाता कोण हे १९२० पर्यंत जगास कळले नाही. रॉचेस्टर, लंडन, रोम, पॅरिस, ब्रसेल्स व स्टॉकहोम येथे गरीब मुलांसाठी दातांचे दवाखाने स्थापिले. कामगारांस नफ्याचा वाटा देण्याची पद्धत १९१२ साली सुरू केली. १९१९ साली स्वतःचे पुष्कळसे भाग त्यांस देऊन टाकिले. कामगारसंघ मात्र त्यांस मुळीच खपत नसे. टस्कीगी व हॅम्प्टन येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांस त्यांनी लाखो डॉलर दिले. त्याच कृष्णवर्णीयांस त्यांच्या कारखान्यात मात्र जवळजवळ प्रवेश नव्हता. दान देणे सोपे आणि दार उघडणे कठीण, ह्याचा असा दाखला क्वचितच सापडेल.

अखेरच्या वर्षांत पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांस चालणेही दुष्कर झाले. १४ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्या एकाकी घरात त्यांनी स्वतःच आपल्या जीविताचा शेवट केला. जवळ मनमोकळे बोलावयास कोणी असते तर काय झाले असते, हे कोणी सांगावे?

कंपनीचा स्वभाव त्यांच्या मागेही बराच काळ टिकला. तिच्या रंगीत फिल्मच्या किमतीतच ती धुण्याचे पैसे आगाऊ धरलेले असत, त्यामुळे दुसऱ्या कोणाकडे धुण्यास देण्यात अर्थच उरत नसे. १९५४ साली सरकारशी झालेल्या करारान्वये हा प्रघात बंद झाला आणि गावोगावच्या लहान धुलाईघरांस ते काम मिळू लागले. १९७५ साली ह्याच कंपनीतील स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते व एक चित्र नोंदविण्यास २३ सेकंद लागत. फिल्मवरच पोसलेल्या कंपनीने त्या शोधाकडे पुरेसे लक्ष दिले नाही आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढील वर्षी ती त्यातून बाहेर पडली, पण पूर्वीच्या मानाने फारच लहान होऊन. ईस्टमन यांचे रॉचेस्टरमधील राहते घर १९४९ पासून छायाचित्रणाचे संग्रहालय आहे.