गणितज्ञ ऑयलर आणि दांत्यांचीं चाकें

स्वित्झर्लंडांतील बाझेल शहरीं ता. १५ एप्रिल १७०७ रोजीं लिओनार्ड ऑयलर ह्याचा जन्म झाला. त्याचा बाप पौल हा जवळच्या रीहेन गांवीं पाळक होता. मुलानेंहि ईश्वरज्ञान शिकून उपदेशक व्हावें अशी त्याची इच्छा होती. परंतु तेराव्या वर्षीं विद्यापीठांत गेलेल्या ह्या मुलाचें मन गणिताकडे ओढलें. योहान बेर्नूली हा नामांकित गणिती दर शनिवारीं दुपारीं त्याच्या शंकांचें निरसन करी, व शेवटीं त्यानेंच बापाचें मन वळविलें. १७२७ सालीं विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली, तेव्हां ऑयलरनें नाद ह्या विषयावर एक निबंध लिहून अर्ज केला. जागा मिळाली नाहीं. त्याच वर्षीं तो रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमींत गेला.

तेथें त्याचा विवाह झाला, कीर्ति झाली, आणि १७३८ च्या सुमारास उजवा डोळाहि गेला. १७४१ सालीं प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या बोलावण्यावरून तो बर्लिनला आला. राजास चतुर संभाषणाची आवड, व हा साधा, धर्मशील, भरल्या घरचा मनुष्य. दोघांचें फारसें जमलें नाहीं. तरी तेथील पंचवीस वर्षांत त्यानें केलेलें काम पाहून मन थक्क होतें. त्यांतील एकच विषय येथें घेतों.

एक चाक दुसऱ्या चाकास दांत्यांनीं फिरवितें, हें घड्याळांत व पाणचक्कींत सर्वांनीं पाहिलें आहे. त्या काळीं बहुतेक कारागीर दांत्यांस अंदाजानेंच आकार देत. त्यामुळें पहिलें चाक सारख्या वेगानें फिरलें तरी दुसरें प्रत्येक दांत्यागणिक किंचित् मागें-पुढें होई, आणि यंत्र खडखडे व झिजे. दांत्याची बाजू कशी वळविली असतां दोन्ही चाकांच्या वेगांचें प्रमाण क्षणभरहि बदलणार नाहीं, हा प्रश्न ऑयलरनें हातीं घेतला. त्यावरील त्याचा एक निबंध १७६० सालीं व दुसरा १७६७ सालीं प्रसिद्ध झाला. रिळावर गुंडाळलेला दोरा ताणून धरून उलगडीत गेलें म्हणजे त्याच्या टोकानें जी वक्ररेषा निघते, तिला इन्व्होल्यूट म्हणतात. दोन्ही चाकांच्या दांत्यांस हा आकार दिला असतां त्यांचा स्पर्श एकाच सरळ रेषेवर सरकत जातो व वेगाचें प्रमाण ढळत नाहीं. चाकांच्या मध्यांतील अंतर जरा कमी-जास्त झालें तरीहि तें टिकतें. विद्यार्थ्यांनीं रीळ, दोरा व पेन्सिल घेऊन ही रेषा स्वतः काढून पाहावी.

कारागिरांनीं हा आकार सर्रास स्वीकारण्यास पुढें शंभर वर्षें लागलीं. आज मोटारींत व हेलिकॉप्टरांत मुख्यतः हेच दांते असतात. हेलिकॉप्टराचें टर्बाइन कित्येकदां मिनिटास वीस हजार फेरे घेतें, परंतु डोक्यावरचा मोठा पंखा तीनशेंहूनहि कमी. ही घट दांत्यांच्या चाकांनींच करावी लागते, आणि तीं चाकें असलेली पेटी बसणारांच्या अगदीं माथ्यावर असते. तीस दांत्यांचें चाक सेकंदास चाळीस वेळां फिरलें तर सेकंदास बाराशें दांते लागतात. प्रत्येकाबरोबर अल्पसा जरी धक्का बसला तरी त्याचा तीक्ष्ण सूर उमटतो, व तो पेटीच्या आधारांतून विमानाच्या सर्व सांगाड्यांत पसरतो.

पण ऑयलरचा आकार दिल्यावर धक्का कां बसावा? कारण असें कीं, तें गणित न वांकणाऱ्या दांत्यांचें आहे. खरा दांता भाराखालीं किंचित् वांकतो, आणि मागून येणारा दांता आपल्या वेळेआधीं येऊन आदळतो. म्हणून दांत्याच्या टोकाजवळील केसाहूनहि पातळ पापुद्रा घांसून काढतात, किंवा एकाच वेळीं अधिक दांते भार घेतील अशी रचना करतात. भाराखालीं तुळई कशी वांकते ह्याचें गणित मांडणारांतहि ऑयलरच अग्रगण्य होता, आणि दांता म्हणजे आंखूड तुळईच! नाद, दांते व तुळई ह्या तिन्ही विषयांवर त्यानें लिहिलें. मात्र ते एकत्र आणण्याचा प्रसंग त्याच्या संथ पाणचक्क्यांच्या काळीं आला नाहीं.

१७६६ सालीं तो पीटर्सबर्गला परतला आणि लवकरच डाव्या डोळ्यांतहि मोतीबिंदू वाढून जवळजवळ आंधळा झाला. १७७१ सालीं शस्त्रक्रियेनें थोडें दिसूं लागलें होतें, पण दुखणें उलटून तेंहि गेलें. त्याच वर्षीं शहरास आग लागून घर जळालें. पेटर ग्रिम नांवाच्या बाझेलच्याच एका कारागिरानें त्या अंध गृहस्थास उचलून बाहेर काढलें. १७७३ सालीं पत्नी काटारीना वारली. त्यांच्या तेरा मुलांपैकीं पांचच बालपण ओलांडून जगलीं होतीं.

ह्या अंधारांत त्याचें काम थांबण्याऐवजीं वाढलें. लांबलचक आंकडेमोड तो मनांत करी व मुलगा आणि शिष्य ह्यांजकडून लिहवून घेई. बीजगणितावरील त्याचें सुबोध पुस्तक त्यानें शिंपीकाम शिकलेल्या एका तरुण चाकरास सांगून लिहविलें, आणि लिहितां लिहितां तो चाकरहि बीजगणित शिकला असें सांगतात. एकंदर साडेआठशेंहून अधिक लेख व ग्रंथ त्याच्या नांवावर आहेत. त्यांपैकीं सुमारें निम्मे ह्या शेवटच्या काळांतील.

ता. १८ सप्टेंबर १७८३ रोजीं त्यानें नुकत्याच फ्रान्सांत उडविलेल्या विमानी फुग्यांच्या गतीचें गणित केलें, आणि जेवणाच्या वेळीं दोन वर्षांपूर्वीं सांपडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयीं लेक्सेल ह्या शिष्याशीं चर्चा केली. पुढें दुपारींच त्यास मेंदूचा झटका आला व रात्रीं त्यानें देह ठेविला. फुग्यांचें तें गणित पाटीवर तसेंच राहिलें होतें.