लोखंडी नांगराची चिकाटी

गेल्या वर्षी एका विषयात नापास झालो आणि कॉलेज सोडायचे ठरवले. त्याच दिवसांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र वाचनात आले.

१८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. रंगांधळेपणामुळे ते शिक्षण सुटले. मुंबईत यंत्ररेखाटन शिकवू लागले, तर बढती डावलली गेली. नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, पुढे लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी तो घेईनात. लक्ष्मणराव मात्र तो सुधारत राहिले. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. १९५६ साली ते वारले, तोवर त्यांचा नांगर गावोगावी पोचला होता.

मी परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला आहे.