३८% मतं मिळाली म्हणजे जिंकलं का? कोंदोर्सेची गोष्ट

ऑफिसच्या सहलीची जागा ठरवायला मी मध्यंतरी एक छोटं ॲप लिहिलं. पर्याय तीन: अलिबाग, महाबळेश्वर, ताम्हिणी. प्रत्येकाने पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची आणि कोडने दोन-दोन जागांची तुलना करून क्रम लावायचा. पण नावं टाकायचा क्रम बदलला की विजेताच बदलायचा! दोन रात्री बग शोधत बसलो. बग नव्हताच. हा घोळ एका फ्रेंच गणितज्ञाने १७८५ सालीच पुस्तकात मांडून ठेवलाय. त्याचं नाव कोंदोर्से. आणि या माणसाचं आयुष्यही शेवटी मतांच्या मोजणीतच अडकलं.

जन्म १७ सप्टेंबर १७४३, उत्तर फ्रान्समधलं रिबमाँ गाव. वडील घोडदळात कॅप्टन, मुलगा काही आठवड्यांचा असतानाच ते गेले. आई फार धार्मिक. तिने मुलाला मेरीमातेला वाहिलं आणि आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत मुलींचे पांढरे कपडे घातले. पुढे गणितात हा पोरगा इतका चमकला की १७६९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत घेतला गेला आणि नंतर तिचा सचिवही झाला. सरकारी टांकसाळीची देखरेखही काही वर्षं त्याच्याकडे होती.

आता त्याचं १७८५ चं पुस्तक. विषय होता बहुमताने घेतलेले निर्णय आणि संभाव्यतेचं गणित. त्यातलं एक उदाहरण बघा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडून सोबत करून बघितलंत तर जास्त मजा येईल. मतदार ६०, उमेदवार तीन: अ, ब, क. प्रत्येकाचा पसंतीक्रम असा:

२३ जण: अ, क, ब
१९ जण: ब, क, अ
१६ जण: क, ब, अ
२ जण: क, अ, ब

मतांची टक्केवारी काढणं सोपं. उमेदवाराची मतं भागिले एकूण वैध मतं, गुणिले १००. फक्त पहिली पसंती धरली तर अ ला २३ म्हणजे ३८.३%, ब ला १९ म्हणजे ३१.७% आणि क ला १८ म्हणजे ३०%. आपल्या लोकसभा-विधानसभेचा नियम लावला तर अ विजयी. अर्ध्याहून जास्त मतं लागत नाहीत, इतरांपेक्षा जास्त असली की झालं.

कोंदोर्से म्हणतो, थांबा, दोघादोघांची कुस्ती लावा. अ विरुद्ध क मध्ये अ ला क च्या वर ठेवणारे फक्त २३, उलट ठेवणारे ३७. ब विरुद्ध क मध्ये क च्या बाजूने ४१, ब च्या बाजूने १९. म्हणजे टक्केवारीत शेवटचा आलेला क समोरासमोर दोघांनाही हरवतो. आणि जिंकलेला अ? तो ब कडूनही २५-३५ ने हरतो. मत एकाचंही बदललं नाही, फक्त मोजायची पद्धत बदलली.

मग कुस्तीच लावावी ना प्रत्येक वेळी? इथेच माझं ॲप फसलं होतं. त्याच पुस्तकात ६० मतदारांचं आणखी एक उदाहरण आहे. त्यात अ हा ब ला ३३-२७ ने हरवतो, ब हा क ला ४२-१८ ने, आणि क हा अ ला ३५-२५ ने! दगड-कागद-कात्रीसारखं चक्र. प्रत्येक मतदाराचा क्रम सरळ आहे, पण सगळ्यांचा मिळून क्रमच लागत नाही. सॉर्टिंग कसं होणार?

दुसरा मुद्दा त्याला जास्त छळायचा. तो असा: प्रत्येक पंच बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल, तर पंच वाढवत गेल्यावर बहुमत बरोबर असण्याची शक्यताही वाढते. ६०% बरोबर असणारे तीन पंच मिळून ६४.८% वेळा बरोबर ठरतात. पण ती शक्यता १०० वर कधीच पोचत नाही. चूक दुरुस्त करता येत नसेल तर मृत्युदंड नकोच, हे त्याचं मत त्यातूनच पक्कं झालं.

क्रांती झाली. १७९० मध्ये त्याने बायकांनाही मतदानाचा हक्क द्या असा लेख लिहिला (फ्रान्सने तो हक्क दिला १९४४ मध्ये!). १७९२ मध्ये तो राष्ट्रीय सभेवर निवडून आला आणि जानेवारी १७९३ मध्ये राजा सोळाव्या लुईच्या शिक्षेचं मतदान आलं. मतं ७२१. विनाअट मृत्युदंड मागणारे ३६१, म्हणजे ५०.०७%. एक जरी कमी असता तर ४९.९३! आणखी २६ जणांनी मृत्युदंडच मागितला, पण अंमलबजावणी लांबवण्यावर चर्चा करा असं जोडून. त्यांना धरलं तर ३८७, म्हणजे ५३.७%. कोंदोर्सेने मृत्युदंड सोडून सर्वांत कडक शिक्षा द्या, असं मत दिलं. तो हरला. २१ जानेवारीला राजाचं डोकं उडालं.

पुढच्याच महिन्यात त्याने नव्या राज्यघटनेचा मसुदा मांडला. त्यातही निवडणूक दोन टप्प्यांत: आधी उमेदवारांची यादी ठरवायची, मग त्यातून निवड. सभेने तो बाजूला ठेवून जूनमध्ये घाईने दुसरीच घटना मंजूर केली. याने त्यावर जाहीर टीका लिहिली. ८ जुलैला अटकेचा हुकूम निघाला.

मादाम वर्ने नावाच्या विधवेच्या घरी तो जवळपास नऊ महिने लपला. जीव धोक्यात असताना तिथे त्याने काय लिहावं? मानवजातीच्या प्रगतीचा इतिहास! आपल्यामुळे त्या बाईचा जीव जाईल या भीतीने २५ मार्च १७९४ ला तो गुपचूप बाहेर पडला, दोन दिवसांनी क्लामार गावच्या खाणावळीत पकडला गेला. त्याने डझनभर अंड्यांचं ऑम्लेट मागितलं म्हणून संशय आला, असा किस्सा सांगतात. किस्साच असेल, पण मला तो खरा वाटावासा वाटतो. पुढच्या दोन दिवसांतच तो कोठडीत मृत सापडला.

वर्षभराने ते लपून लिहिलेलं पुस्तक छापून आलं. १७९५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय सभेने, म्हणजे ज्या सभेने त्याच्या अटकेचा हुकूम काढला होता तिनेच, त्याच्या ३,००० प्रती सरकारी पैशाने वाटायचं मंजूर केलं.